हात लावण्याआधी विचारलं होतं का?

शिवडीत वाढलेल्या पोरांना पहिला कुंभक कुणा योगगुरूने शिकवला नाही. तो आम्ही जेरबाई वाडिया रोडवर शिकलो. टीबी हॉस्पिटलचं कुंपण लागलं की नाक चिमटीत धरायचं, गाल फुगवायचे आणि कुंपण संपेपर्यंत धूम ठोकायची. जो मध्येच श्वास घेईल त्याला टीबी होणार, असा नियम होता. तो कोणी केला ते ठाऊक नाही, पण मोडायची कुणाची छाती नव्हती. आत झाडाखाली पांघरूण लपेटून बसलेली माणसं आमची ही पळापळ बघत असत. एकदा त्यांतल्या एका म्हाताऱ्याने आमच्याकडे पाहून स्वतःचेही गाल फुगवले, नाक धरलं आणि हसला. आम्ही आणखी जोरात पळालो.

हे रुग्णालय 1941 सालचं. महापालिकेचं, हजारभर खाटांचं, आशियातल्या सर्वांत मोठ्या क्षयरोग रुग्णालयांत गणलं जाणारं. मुंबईत दरवर्षी पन्नास हजारांहून अधिक क्षयरुग्णांची नोंद होते. त्यांतले ज्यांचा आजार नेहमीच्या गोळ्यांना दाद देत नाही, ज्यांना घरात ठेवायला जागा नाही किंवा जागा असून मन नाही, असे कितीतरी जण इथे येतात. काही बरे होतात आणि न्यायला कोणी येत नाही. भरतीच्या कागदावर लिहिलेला फोन लागत नाही. बाहेरच्या जगाला शिवडी ठाऊक आहे ती खाडीतल्या फ्लेमिंगोंमुळे, आणि 12 जानेवारी 2024 पासून अटल सेतूमुळे. पक्ष्यांचे फोटो काढायला लोक पहाटे गाड्या घेऊन येतात. टीबी हॉस्पिटलच्या दारावरून जाताना काचा वर असतात. नाक चिमटीत धरण्याची ही मोठ्या माणसांची पद्धत.

आता दुसरं दृश्य सांगतो. काही वर्षांपूर्वीची 21 जूनची सकाळ, आमच्याच भागातला एका जुन्या चाळीच्या तळमजल्यावरचा हॉल. पांढरे टी-शर्ट वाटले होते, मागे फ्लेक्स होता, फ्लेक्सवर पाच पुढाऱ्यांचे चेहरे आणि एक पद्मासन. शिकवणारे गृहस्थ तयारीचे होते, आवाज खणखणीत. पश्चिमोत्तानासन चाललं होतं. पुढच्या रांगेतल्या चाळिशीच्या एका बाईंचं कपाळ गुडघ्यापर्यंत पोचत नव्हतं. गुरुजी मागून आले, दोन्ही पंजे तिच्या पाठीवर टेकवले आणि दाबलं. ती ओरडली नाही. अंग आत ओढून घेतलं, गोगलगाय घेते तसं. मग उठली, ओढणी सारखी केली, दाराशी काढलेल्या चपला हातातच घेतल्या आणि बाहेर गेली. गुरुजी म्हणाले, "बघा, अहंकार कसा आडवा येतो." हॉल हसला. मीही हसलो. हा लेख लिहिण्याचं खरं कारण ते हसू आहे.

वर्ग सुटल्यावर ती मला जिन्याच्या पायरीवर बसलेली दिसली. चेहऱ्यावर पाणी मारलेलं होतं. मी आपलं विचारायचं म्हणून विचारलं, "बरं वाटत नाही का?"

"तसं काय नाय काका," ती म्हणाली. "पाठीमागून कोण आलेला मला चालत नाय."

एवढंच. पुढचं मी विचारलं नाही, तिने सांगितलं नाही, आणि सांगण्याचं तिच्यावर काही बंधनही नव्हतं. ज्याला आज जगभर 'ट्रॉमा-इन्फॉर्म्ड योग' म्हणतात, ज्याच्यावर ग्रंथ निघतात आणि शिबिरं होतात, त्याचा सगळा गाभा या एका वाक्यात होता. त्या हॉलमधल्या पन्नास-साठ सुशिक्षित माणसांपैकी एकालाही तो कळला नाही.

'ट्रॉमा' म्हटलं की आपल्याला काहीतरी परदेशी, फीवाल्या डॉक्टरकडचं वाटतं. पण या गोष्टीसाठी मराठीत जितके शब्द आहेत तितके फार थोड्या आजारांना असतील. धसका बसला, हाय खाल्ली, हबकला, दडपण आलं, जीव भांड्यात पडेना, अंगावर काटा येतो, पोटात गोळा येतो, हातपाय गळाले. नीट पाहा, यातला प्रत्येक शब्द शरीराचा आहे. मनाची गोष्ट आपण काळजाच्या, पोटाच्या, हातापायांच्या भाषेत सांगतो, कारण ती तिथेच घडते. आमच्या आज्यांना हे माहीत होतं. योगाचे वर्ग घेणाऱ्यांना माहीत नाही.

माझे वडील कापड गिरणीच्या साचाखात्यात होते. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, आणि त्यातले असंख्य परत आत गेलेच नाहीत. वडील त्यांतलेच एक. पुढे कितीतरी वर्षं ते झोपेत उजव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर घासत. आई म्हणायची, तुटलेला धागा जोडतायत, जोडू दे. जागेपणी त्यांनी गिरणीबद्दल कधी अवाक्षर काढलं नाही. शेजारी शहाणे होते. "मन रमवा, व्यायाम करा, सकाळी उठून चार आसनं करा," सांगायचे. एकदा ते खरोखरच कुठल्याशा शिबिराला गेले. तिथे हारीने बसवलं, शिट्टी वाजली, कुणीतरी माइकवरून आकडे मोजू लागलं. वडील घरी आले आणि म्हणाले, "खात्यात मुकादम होता तो पगार तरी द्यायचा." पुन्हा गेले नाहीत. तेव्हा आम्ही त्यांना आळशी ठरवलं.

आता मूळ विषयाकडे. अमेरिकेत बॉस्टनजवळच्या ब्रुकलाइन इथल्या ट्रॉमा सेंटरमध्ये डेव्हिड इमर्सन नावाच्या योगशिक्षकाने, बेसेल व्हॅन डर कोक या मानसोपचारतज्ज्ञाच्या सोबतीने, 2003 पासून एक वेगळी शिकवण्याची रीत बांधत आणली. आसनं तीच, आपली. बदलली ती भाषा. 'हात वर करा' असं तिथे म्हणत नाहीत. 'वाटलं तर हात वर नेऊन बघा, नको वाटलं तर मांडीवरच राहू द्या' असं म्हणतात. शिक्षक कुणाच्या अंगाला हात लावत नाही. पुढे काय येणार ते आधी सांगतो. मागे जाऊन उभा राहत नाही. डोळे मिटण्याची सक्ती नाही, कधीही उठून जाण्याची मुभा आहे, आणि का चाललात असं कोणी विचारत नाही. ज्या माणसाच्या शरीराबाबत कधीतरी दुसऱ्याच कुणी निर्णय घेतला, त्याला स्वतःच्या शरीराबाबत बारीकसारीक निर्णय घेण्याचा सराव द्यायचा, एवढीच ती कल्पना. 2014 साली या मंडळींनी 64 बायकांवर केलेला अभ्यास छापून आला. वर्षानुवर्षांच्या आघाताने ग्रासलेल्या, आधीच्या उपचारांनी फरक न पडलेल्या या बायका. दहा आठवडे, आठवड्याला एक तास. शेवटी योग केलेल्या 31 पैकी 16 जणींना आघातोत्तर तणावविकाराची (पीटीएसडी) व्याख्या लागू होईना. दुसऱ्या गटात आरोग्यविषयक वर्गाला बसलेल्या 29 पैकी 6 जणींचं तसं झालं. अभ्यास छोटा आहे, त्यावरून डोंगर रचू नये. आणि हेही सांगून टाकतो की त्या व्हॅन डर कोकांना हाताखालच्या माणसांशी वागण्याच्या तक्रारींवरून 2018 साली त्याच केंद्रातून जावं लागलं. आघातावर व्याख्यानं देणाऱ्यालाही दुसऱ्याशी कसं वागावं ते येतंच असं नाही. आपल्याकडचे गुरुजी काही एकटे नाहीत.

पण आपला गुन्हा वेगळा आहे. अमेरिकेने योग उसना घेतला. आपण तो वारसा म्हणून मिरवतो. 11 डिसेंबर 2014 ला संयुक्त राष्ट्रांत योगदिनाचा ठराव झाला तेव्हा 177 देश सहप्रस्तावक होते, याचा आपल्याला अभिमान. 21 जून 2015 ला दिल्लीच्या राजपथावर 35,985 माणसांनी एकाच वेळी आसनं केली, त्याचा विक्रम झाला. किती जण आले ते मोजलं. कोण येऊ शकलं नाही, कोण येऊन उठून गेलं, ते मोजायला कुणाकडे वही नव्हती. पतंजलीने यमांच्या यादीत अहिंसा पहिली ठेवली आणि आसनाला अटी घातल्या त्या दोन, स्थिर असावं आणि सुखाचं असावं. आपण त्यातलं सुख काढून टाकलं आणि उरलेल्याची कवायत केली.

हाताचा प्रश्न तर आपण बोलायलाच तयार नाही. म्हैसूरचे योगगुरू पट्टाभि जोइस यांच्या नावाचा जगभर दबदबा होता. आसन सुधारण्याच्या निमित्ताने ते आपल्याला नको तसे स्पर्श करत, असं त्यांच्या अनेक महिला शिष्यांनी त्यांच्या निधनानंतर उघड सांगितलं. 2019 साली त्यांच्या नातवाने, जो स्वतः त्याच परंपरेचा आचार्य होता, जाहीर खेद व्यक्त केला. या बायका इतकी वर्षं गप्प का राहिल्या, असं विचारणारे महाभाग आपल्याकडे पुष्कळ. त्यांनी आमच्या हॉलमध्ये येऊन ते हसू ऐकावं.

पुण्याचे बी. के. एस. अय्यंगार यांची गोष्ट यात सर्वांत गुंतागुंतीची आहे आणि म्हणून मला महत्त्वाची वाटते. हे गृहस्थ लहानपणी मलेरिया, टायफॉइड आणि क्षय भोगून निघालेले. 1937 साली शिकवायला पुण्यात आले आणि पुण्याचेच झाले. खुर्ची, दोर, लाकडी ठोकळे, लोड, पट्टे हे सगळं त्यांनी आसनांत आणलं. ज्याचं शरीर आसनापर्यंत पोचत नाही, त्याच्यापर्यंत आसन नेऊन पोचवायचं. आजाऱ्याने, म्हाताऱ्याने, पंगू माणसाने योग करावा कसा याचं इतकं व्यवहारी उत्तर दुसऱ्या कुणी दिलं नसेल. आणि याच माणसाचा हात शिष्यांवर इतका मोकळेपणी पडत असे की त्यांच्या नावातल्या आद्याक्षरांचा 'बँग, किक, स्लॅप' असा अर्थ शिष्यांनी गमतीने लावला होता. खुर्ची घ्यावी, थापट सोडावी, इतकी साधी निवड होती. आपण गल्लोगल्ली नेमकी उलटी केली. खुर्ची महाग पडते, थापट फुकट आहे.

खुर्चीवरून जागेची गोष्ट निघते. अंथरायची चटई सहा फूट लांब, दोन फूट रुंद, म्हणजे बारा चौरस फूट. बीडीडी चाळीतली खोली 160 चौरस फुटांची. त्यात कपाट, मोरी, गॅसचा ओटा, आजारी सासरे, अभ्यासाला बसलेली पोरं. बारा फूट मोकळे सापडले तरी ते दाराच्या वाटेत असतात. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी मिळून या चाळींच्या 207 इमारती. पैकी शिवडीच्या 12 बंदराच्या जमिनीवर, म्हणून बाकीच्यांचे टॉवर उभे राहत असताना त्यांचं घोडं अडलेलं. गाडी अड्ड्याच्या आणि रेल्वेच्या कडेच्या झोपड्यांत तर 160 म्हणजे चैन. आणि तिथून पश्चिमेला दोन-अडीच किलोमीटरवर, गिरण्यांच्याच जमिनीवर, काचेच्या इमारतींत वातानुकूलित योग-स्टुडिओ आहेत. तिथे मंद दिवे, सुगंध, आणि हल्ली 'ट्रॉमा-सेन्सिटिव्ह' अशी खास सत्रंसुद्धा. सरकार क्षयरुग्णाला पोषणासाठी महिन्याला 1,000 रुपये देतं. 2018 साली ते 500 होते, 2024 च्या नोव्हेंबरपासून दुप्पट झाले. त्या हजारात अशी किती सत्रं बसतील, त्याचा हिशेब वाचकाने करावा. आमच्याच मातीतली गोष्ट परदेशी प्रमाणपत्र लावून आमच्याच गिरणीच्या जागेवर आम्हाला न परवडणाऱ्या भावात विकली जाते, आणि आम्ही तिच्या जाहिरातीत 'प्राचीन' हा शब्द वाचून छाती फुगवतो.

पैसा हा एक अडसर झाला. दुसरा, सक्तीचा, त्याहून जुना आहे. 2016 च्या ऑगस्टमध्ये महापालिकेच्या सभागृहात पालिका शाळांत सूर्यनमस्कार सक्तीचे करण्याचा ठराव झाला. औंधच्या पंतप्रतिनिधींनी सूर्यनमस्काराचा जो प्रचार केला, त्याबद्दल मला आदर आहे. मी स्वतः विशीत रोज घालायचो. पण सक्ती? आणि कुठे? ज्या शहरात 1992-93 च्या दंगलीत, न्यायमूर्ती श्रीकृष्ण आयोगाच्या हिशेबानेच, 900 माणसं गेली आणि पाठोपाठ 12 मार्च 1993 च्या स्फोटांत 257, तिथे? वडाळा-शिवडीच्या रफी अहमद किडवई मार्गावर ज्यांनी 10 जानेवारी 1993 चा हरी मशिदीतला पोलिसांचा गोळीबार पाहिला, त्यांची नातवंडं आज पालिका शाळेत आहेत. ज्यांनी स्फोटात बाप गमावला, त्यांचीही त्याच बाकावर आहेत. या दोन्ही पोरांना श्वासाचा, शांतपणे बसण्याचा फार उपयोग आहे. पण त्यांच्या घराण्याने हुकमाचा आवाज आधीच पुरेसा ऐकलेला आहे. नाव बदला, मंत्र वगळा, सूर्याऐवजी पंख्याकडे तोंड करून बसा. पोराला विचारा, "बाळा, तुला कसं बसायला बरं वाटतं?" धर्म बुडत नाही. बुडत असेल तर तो फार उथळ पाण्यात उभा होता.

आता एक चांगली गोष्ट सांगतो, म्हणजे तिच्यातली खोट दाखवता येईल. 2022 च्या योगदिनाला महापालिकेने शिव योग केंद्रं सुरू केली. रहिवाशांनी तीस जण जमवावेत, पालिका प्रशिक्षक देईल, फी नाही. हा उपक्रम मला मनापासून आवडला. ज्येष्ठ नागरिकांना, मधुमेहवाल्यांना त्याचा फायदा झालेला मी पाहिला आहे. पण तीस? धसका खाल्लेली माणसं तीसच्या घोळक्याने येत नाहीत. ती एकटी येतात, नाहीतर मैत्रिणीचा हात धरून दोघी येतात, आणि पहिले तीन दिवस दाराशी उभ्या राहून परत जातात. आणि वेळ? सकाळी नळाला पाणी येतं तेव्हा चाळीतली कुठली बाई चटई अंथरणार? हा नियम बनवणाऱ्यांपैकी कुणी कधी पाण्यासाठी हंडे लावले असते तर वर्ग दुपारी तीनला ठेवले असते.

कोण आहेत ही माणसं, ज्यांच्यासाठी मी एवढा आरडाओरडा करतो आहे? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या लग्न झालेल्या चार बायकांमागे साधारण एकीने नवऱ्याचा मार खाल्ल्याचं किंवा छळ सोसल्याचं सांगितलं. सांगितलं, हे लक्षात घ्या. जिने सांगितलं नाही ती वेगळी. या बाईला तुम्ही सांगता: पाठीवर झोपा, पाय फाकवा, हात सैल सोडा, डोळे मिटा, आता दिवा घालवतो. शवासन ज्याला तुम्ही विश्रांती म्हणता, ते तिच्यासाठी रोज रात्रीचं भय आहे. तिला बसूनच राहू दे, दिवा राहू दे, दाराकडे तोंड करू दे. आणि फक्त बायका नाहीत. 29 सप्टेंबर 2017 ला एल्फिन्स्टन रोडच्या पुलावर चेंगरून 23 जण गेले. त्या जिन्यावरून ज्यांनी माणसं ओढून काढली ते हमाल, फेरीवाले, प्रवासी गडी दुसऱ्या दिवशी कामाला गेले. त्यांना कुणी विचारलं, छातीवर अजून गर्दी बसते का म्हणून? नायगावच्या वसाहतीतला पोलीस, केईएम रुग्णालयाच्या शवागारातला कामगार, दारूखाना भागात जहाजाचा पत्रा कापणारा मजूर. पुरुषाने धसका खाल्ला तर आपण त्याला देशी दारूच्या गुत्त्यावर पाठवतो आणि मग व्यसनमुक्तीवर भाषण देतो.

आणि ते कुंपणामागचे. 2004 साली बंगळुरूच्या संशोधकांनी क्षयरुग्णांवर केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. गोळ्या चालूच ठेवून दोन महिने योगसाधना केलेल्या रुग्णांची लक्षणं, वजन आणि फुप्फुसांची ताकद सुधारल्याचं त्यात दिसलं. म्हणजे वीस वर्षांपूर्वी रस्ता दिसला होता. इथे एक इशारा द्यायलाच हवा, कारण उत्साही मंडळी फार घातक असतात. खोकल्यातून रक्त पडणाऱ्या माणसाला कपालभाती-भस्त्रिका करायला लावणं हा जिवाशी खेळ आहे. बंद खोलीत संसर्गजन्य रुग्णांना एकत्र बसवून जोरजोरात श्वास सोडायला लावणं तर शुद्ध अडाणीपणा. डॉक्टर हो म्हणेल तेव्हा, खिडक्या सताड उघड्या टाकून, खाटेवर किंवा खुर्चीवर बसून, खांदे सैल करायचे, आपला श्वास आपण बघायचा. योग ही गोळी नव्हे आणि समुपदेशनाची जागाही तो घेत नाही. रात्री-अपरात्री जीव घाबरला तर सरकारची टेलिमानस सेवा 14416 या नंबरवर मराठीत बोलते, हे भिंतीवर लिहून ठेवावं. पण ज्या माणसाकडे सगळे जण नाकाला रुमाल लावून येतात, त्याच्याशेजारी मास्क घालून का होईना कुणी येऊन बसतं आणि विचारतं, "आज हात वर करून बघायचे का, की नुसतं बसू या?" यातलं औषध कुठल्या प्रयोगशाळेत मोजणार?

आक्षेप मला पाठ आहेत. 'हे लाड झाले. योगात शिस्त हवी. सगळ्यांना विचारत बसलो तर वर्ग व्हायचा कधी?' शिस्त हवीच. ती आधी शिकवणाऱ्याच्या हातांना हवी. दुसरा आक्षेप, हे सगळं परकीय खूळ. मग ऐका. 1927 साली याच मुंबईत, गिरगावच्या बाजूला, रघुनाथ धोंडो कर्वे यांनी 'समाजस्वास्थ्य' मासिक काढलं, माणसाचं शरीर त्याचं स्वतःचं आहे एवढं सांगायला. आपण त्यांना अश्लीलतेच्या खटल्यांत खेचलं. 1934 च्या खटल्यात त्यांचं वकीलपत्र घेऊन कोण उभं राहिलं? डॉ. आंबेडकर. शरीर कुणाच्या मालकीचं, हा प्रश्न ज्याला स्पर्शाचा विटाळ सोसावा लागला त्याला चटकन समजला. ज्या समाजाने पिढ्यान् पिढ्या काहींना हात लावायचा नाही असं ठरवलं आणि काहींना विचारल्याशिवाय हात लावायचा असं ठरवलं, त्या समाजाला स्पर्शाची रीत बाहेरून शिकावी लागली तर लाज कुणाची?

त्यामुळे माझं मागणं छोटं आहे. लालबाग-परळ-शिवडीत व्यायामशाळा आहेत, मंडळांच्या खोल्या आहेत. बांद्र्याच्या भाभा रुग्णालयात 2000 साली 'दिलासा' केंद्र सुरू झालं. हिंसा सोसलेल्या बाईला सरकारी दवाखान्यातच हक्काची एक खोली आणि ऐकणारं माणूस मिळू शकतं, हे महापालिका आणि 'सेहत' संस्थेने दाखवून दिलं. तशी आठवड्यातून दोन दुपारी एक खोली द्या. दहा खुर्च्या. तीस माणसांची अट नको, तिघी आल्या तरी वर्ग. शिकवायला वस्तीतलीच आरोग्यसेविका तयार करा आणि तिला मानधन वेळेवर द्या. स्वतःच्या पैशांसाठी आझाद मैदानात धरणं धरून बसलेली बाई दुसऱ्यांना कसला श्वास शिकवणार? साडी, बुरखा, मॅक्सी, जे अंगावर असेल त्यात यावं. पोर काखेत असेल तर पोरासकट. पहिल्याच दिवशी शिक्षिकेने सांगावं की मी तुमच्या मागे येणार नाही आणि अंगाला हात लावणार नाही.

मी हे आमच्या त्या हॉलच्या मंडळासमोर मांडलं. 9 मार्च 1924 ला परळच्या दामोदर हॉलमध्ये बाबासाहेबांनी सभा घेतली, तिच्यातून बहिष्कृत हितकारिणी सभा उभी राहिली, हेही आठवण म्हणून सांगितलं. हॉल कुणाला मिळतो यावर आपल्या भागात इतिहास घडलेला आहे, म्हटलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. कल्पना चांगली आहे म्हणाले. मग एकाने विचारलं, बायका बंद खोलीत दुपारी काय करणार त्याची जबाबदारी कुणाची? मी म्हटलं, खोली बंद नसेल, दार उघडंच ठेवायचं आहे. ते म्हणाले, मग चोरी झाली तर? विषय पुढच्या बैठकीवर ढकलला. पुढच्या बैठकीत गणपतीच्या मूर्तीची उंची होती.

त्या जिन्यावरच्या बाईंना मी हे सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. "दुपारी तीनला जमंल मला," त्या म्हणाल्या, "अजून दोघी हायत. चावी कुणाकडं असती?"

चावी कार्यवाहांच्या खिशात असते. अजून तिथेच आहे.